‘आम्ही केलं’ आणि अडकलेलं लायसन्स

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात)

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. महाराष्ट्रातून बी.ई. केलं, अमेरिकेत येऊन एम.एस. केलं आणि गेली सहा वर्षं इथेच नोकरी करते आहे. पहिल्या कंपनीत तीन वर्षं झाली, सध्याच्या कंपनीत तीन. एफ.ई. (सुरुवातीची) आणि पी.ई. (प्रोफेशनल इंजिनीअर, म्हणजे लायसन्ससाठीची) या दोन्ही परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास झाले. सात महिन्यांपूर्वी राज्याच्या इंजिनीअरिंग बोर्डाकडे पी.ई. लायसन्ससाठी अर्ज केला, तो अजून अडकलेला आहे. बोर्डाचं पत्र आलं त्यात तीन गोष्टी होत्या: अनुभवाच्या वर्णनातून माझं स्वतःचं इंजिनीअरिंगचं काम कळत नाही, पहिल्या कंपनीकडून पडताळणी आलेली नाही, आणि अर्जावरचं नाव पदवीच्या कागदांशी जुळत नाही. लग्नानंतर मी नाव बदललं आहे. जुन्या साहेबांना दोनदा ईमेल केली, उत्तर नाही. मी नोकरी सोडली तेव्हा ते थोडे नाराज होते, त्यामुळे पुन्हा विचारायला जीव होत नाही. सध्याच्या ऑफिसातला एक पी.ई., म्हणजे लायसन्स असलेला इंजिनीअर, म्हणतो, ‘त्या पहिल्या तीन वर्षांवर मी सही करतो, कोण बघतंय!’ माझ्यानंतर अर्ज केलेल्या, इथेच शिकलेल्या सहकाऱ्याला दोन महिन्यांत लायसन्स मिळालं. आपल्या लोकांचे कागद म्हटले की बोर्डाला संशयच येतो असं वाटू लागलंय. वर्षअखेरीला प्रोजेक्ट मॅनेजरची जागा निघणार आहे. ऑफिसातल्या त्या पी.ई.ची सही घेऊ का? दुसऱ्या, सोप्या राज्यात अर्ज करू? की पैसे देऊन एखादा कन्सल्टंट गाठू?

उत्तर

सात महिने थोडे नव्हेत. दोन्ही परीक्षा पहिल्या फटक्यात काढलेल्या माणसाला कागदांपायी ताटकळावं लागलं की किती वैताग येतो, हे मला ठाऊक आहे. माझाही पहिला अर्ज परत आला होता, आणि तेव्हा मीही सगळं खापर बोर्डावरच फोडलं होतं.

पण बोर्डाचे ते तीन मुद्दे जरा शांतपणे पुन्हा वाचा. एकही मुद्दा बोर्डाच्या टेबलावर अडलेला नाही. एक तुमच्या लेखणीत अडला आहे, एक जुन्या साहेबांच्या इनबॉक्समध्ये आणि एक तुमच्या नावात. तिन्ही तुमच्याकडून हलू शकतात, म्हणून मला हे पत्र निराशेचं वाटत नाही.

संशयाबद्दल आधी बोलतो, कारण ती गोष्ट मनात घर करते. इथे शिकलेल्या तुमच्या सहकाऱ्याची पदवी एबेट या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची आहे, त्यामुळे तिचं वेगळं मूल्यमापन करावं लागत नाही. आपली बी.ई. तशी नसते. ती इथल्या निकषांशी किती जुळते हे पाहायला बहुतेक बोर्ड एनसीईईएस या, एफ.ई.-पी.ई. परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून मूल्यमापन मागतात. (काही राज्यांत इथल्या एम.एस.मुळे त्यातून सूट मिळते. पुढच्या वाचकांनी हे आपल्या राज्याच्या नियमांत आधी बघावं.) म्हणजे तुमचा रस्ता त्याच्यापेक्षा लांब होता. या रस्त्यावर शेजाऱ्याच्या घड्याळाकडे बघून चाललात तर उगाच जीव जळेल.

आता खरा मुद्दा, अनुभवाचं वर्णन. तुम्ही मला जो भाग पाठवलात त्यात पार्किंगच्या इमारतीबद्दल तीन ओळी आहेत: आमच्या टीमने डिझाइन केलं, आम्ही ड्रॉइंग्ज तयार केली, आम्ही ठेकेदाराशी समन्वय साधला. इंग्रजीत लिहिलेल्या त्या ओळींतही मला आपली मराठी ऐकू आली. लहानपणापासून आपल्याला शिकवलेलं असतं की मी-मी करू नये. चांगल्या घरातला माणूस स्वतःच्या कामाबद्दल बोलताना ‘आम्ही’ म्हणतो आणि श्रेय सगळ्यांत वाटून टाकतो. घरात आणि ऑफिसात हा गुण आहे. या फॉर्मवर मात्र तो तुमच्या मुळावर येतो, कारण टीमला लायसन्स मिळत नाही, एका माणसाला मिळतं. तपासणारा ‘आम्ही’ वाचतो आणि तुम्हाला त्या गर्दीत शोधत बसतो.

बोर्ड इतकं खोदून का विचारतं, याचं उत्तर तुमच्याच क्षेत्रात आहे. १७ जुलै १९८१ रोजी मिझुरी राज्यात, कॅन्सस सिटीतल्या हायॅट रीजन्सी हॉटेलमधले टांगते पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा, दोन्ही पूल एकाच सलग सळईवर लटकवलेले होते. शॉप ड्रॉइंगच्या (प्रत्यक्ष भाग बनवण्यासाठी काढलेल्या ड्रॉइंगच्या) टप्प्यावर त्या एका सळईच्या दोन झाल्या आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला टांगला गेला. त्या जोडावरचा भार दुप्पट झाला. ते शॉप ड्रॉइंग मंजूर होऊन पुढे गेलं होतं. नंतर जो प्रश्न धसाला लागला तो हाच: हा जोड नेमका कोणी तपासला? मिझुरीच्या बोर्डाने जबाबदार इंजिनीअरांची लायसन्सं रद्द केली. ‘आम्ही’ या शब्दाला अशा वेळी काही अर्थ उरत नाही. उद्या तुम्ही स्टँप माराल तेव्हा त्या कागदाची जबाबदारी एकट्या तुमची असेल, आणि ती पेलायची सवय तुम्हाला झाली आहे का, एवढंच बोर्ड त्या वर्णनात शोधत असतं.

मग लिहायचं कसं? तुमच्याच पार्किंगच्या इमारतीचं घेऊ. तुमच्या ईमेलमधल्या तपशिलांवरून मी ते असं लिहीन: ‘मातीच्या अहवालातली वहनक्षमता घेऊन मी पायासाठी दोन पर्याय तपासले, स्प्रेड फुटिंग आणि ड्रिल्ड शाफ्ट. ईशान्य कोपऱ्यात जुना भराव असल्याने तिथे खचण्याचा फरक मर्यादेबाहेर जात होता, म्हणून मी शाफ्ट सुचवले आणि माझ्या पी.ई. पर्यवेक्षकांनी गणितं तपासून ते मान्य केले. स्लॅबच्या कॉलमपाशी पंचिंग शीअर मी तपासलं. दोन ठिकाणी ते कमी पडत होतं, तिथे ड्रॉप पॅनेलची जाडी वाढवली.’ यात बढाई कुठे आहे? जे केलं ते केलं म्हटलंय आणि जे साहेबांनी तपासलं ते त्यांच्या नावावर ठेवलंय. प्रश्न काय होता, पर्याय कोणते होते, निवड कशाच्या आधारे केली आणि कोणाच्या देखरेखीखाली केली, हे त्यातून कळतं.

तुमच्या वर्णनात समन्वय, बैठका, साइट भेटी यांना फार जागा गेली आहे. ती कामं महत्त्वाची आहेत, पण नुसता समन्वय बहुतेक बोर्ड इंजिनीअरिंगचा अनुभव म्हणून धरत नाहीत. साइटवर जाऊन तुम्ही काय पाहिलंत आणि त्यावरून डिझाइनमध्ये काय बदललंत, ते लिहा. आणखी एक, चढती जबाबदारी दिसू द्या. पहिल्या वर्षी तुम्ही तुळया तपासत होतात, सहाव्या वर्षी एका ज्युनिअरची गणितं तपासता. तुमच्या वर्णनात पहिलं वर्ष आणि सहावं वर्ष एकसारखंच वाचायला येतं, आणि हे तुमच्यावरच अन्याय करणारं आहे. महिने नीट लिहा, मधला रिकामा काळ असेल तर तोही लिहा. रिकाम्या काळाबद्दल बोर्डाला तक्रार नसते, पण तो लपलेला दिसला की शंका येते.

आता जुने साहेब. इथे मला तुमच्याशी थोडं वाद घालायचा आहे. ते नाराज आहेत म्हणून उत्तर देत नाहीत, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. मी स्वतः अनेक ज्युनिअर्सच्या अनुभवाची पडताळणी केली आहे, म्हणून टेबलाच्या या बाजूला काय होतं ते सांगतो. पडताळणीची विनंती बहुतेक वेळा एखाद्या यंत्रणेकडून आपोआप आलेली ईमेल असते, खाली एक लिंक. कित्येकदा ती स्पॅममध्ये जाते. सापडली तर उघडतो. समोर पाच वर्षांपूर्वीची रिटेनिंग वॉल आणि प्रश्न: या व्यक्तीने हे काम स्वतः केलं का? मला भिंत आठवते, तिचा पाया आठवतो, पण त्याची गणितं तिने केली की तिच्या शेजारी बसणाऱ्याने, हे काही केल्या आठवत नाही. सही माझ्या लायसन्सवर होणार, त्यामुळे अंदाजाने हो म्हणता येत नाही. मग मी म्हणतो, शनिवारी जुन्या फायली काढून बघू. तो शनिवार लांबत जातो. यात त्या मुलीवर राग मुळीच नसतो.

म्हणून तिसरी ईमेल पाठवू नका, फोन करा. ‘तुम्ही उत्तर दिलं नाहीत’ ने सुरुवात करू नका. त्यांच्या हाताखाली काय शिकलात त्यातली एखादी खरी गोष्ट सांगा, अर्ज कशासाठी अडला आहे ते सांगा, आणि विचारा, ‘मी माझं वर्णन आणि प्रत्येक प्रकल्पाची एका पानाची टिपणं पाठवते. तुम्हाला जे बरोबर वाटेल तेवढ्यावरच सही करा, जे वाटणार नाही ते मी काढून टाकते.’ या शेवटच्या वाक्याने समोरच्याच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. ती टिपणं फॉर्मची विनंती पोचण्याच्या आधी त्यांच्या हातात पडली पाहिजेत. आणि लिंक कोणत्या पत्त्यावरून येणार तेही फोनवरच सांगून ठेवा.

तुम्ही लिहिलंत की विचारायला जीव होत नाही. ही भीड मला समजते. आपल्याकडे नोकरी सोडताना मागे थोडा कडवटपणा राहिला की पुन्हा त्या दारात जाणं म्हणजे नाक घासणं वाटतं. पण तुम्ही उपकार मागत नाही आहात. तीन वर्षं तुम्ही त्यांच्या देखरेखीखाली काम केलं ही घडलेली गोष्ट आहे, तिची नोंद तुम्ही मागता आहात. हाताखालच्या माणसाच्या कामाची खरी साक्ष देणं हा या पेशातल्या प्रत्येक पी.ई.च्या कर्तव्याचा भाग आहे, आणि बहुतेकांना त्याची जाणीव असते.

त्यांनी खरंच नकार दिला तर? त्याच कंपनीत तुमचं काम जवळून पाहिलेला दुसरा पी.ई. आता कदाचित भलत्याच कंपनीत असेल, त्याला शोधा. कोणीच मिळालं नाही तर बोर्डाला लेखी कळवा: अमुक तारखांना प्रयत्न केले, उत्तर मिळालं नाही, पर्याय काय? असे प्रसंग बोर्डांना नवे नाहीत. आणि हिशोब पुन्हा एकदा मांडून बघा. सर्वसाधारण अट चार वर्षांची असते, पण पुष्कळ राज्यांत एम.एस.चं एक वर्ष अनुभवात धरतात. तुमच्या राज्यात तसं असेल तर ते एक आणि सध्याच्या कंपनीतली तीन मिळून चार भरतात. मग जुन्या साहेबांची सही कदाचित तुम्हाला वाटते तितकी निर्णायक राहणार नाही. बोर्डाच्या कर्मचाऱ्याला हा प्रश्न सरळ विचारा.

ऑफिसातल्या त्या पी.ई. सहकाऱ्याची सही मात्र घेऊ नका. तो मनाने चांगला असेल, पण त्या तीन वर्षांत तो तुमच्या आसपासही नव्हता. न पाहिलेल्या कामाची साक्ष देणं म्हणजे खोटी साक्ष, आणि ती उघड झाली तर त्याचंही लायसन्स धोक्यात येतं. तुमचा अर्ज तर जातोच, वर पुढे प्रत्येक राज्याच्या फॉर्मवर ‘तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का’ या प्रश्नापुढे तुम्हाला थांबावं लागेल. सध्याच्या ऑफिसातल्या तीन वर्षांबद्दल तो मोकळेपणाने लिहू शकतो, तिथे त्याची मदत जरूर घ्या. एनसीईईएस रेकॉर्डसाठी (शिक्षण, परीक्षा, अनुभव यांची तिथे एकत्र ठेवलेली फाइल) पाच रेफरन्स लागतात आणि त्यातले तीन पी.ई. असावे लागतात. त्यांत तो एक होऊ शकेल.

दुसऱ्या राज्याचं म्हणाल तर राज्याराज्यांत फरक आहे हे खरं. कॅलिफोर्नियात सिव्हिलवाल्यांना भूकंप आणि सर्व्हेइंगच्या दोन जादा परीक्षा द्याव्या लागतात, इलिनॉयमध्ये स्ट्रक्चरल कामासाठी वेगळंच एस.ई. लायसन्स लागतं. तुमचे प्रकल्प खरोखरच दुसऱ्या राज्यात असतील तर तिथे अर्ज करण्यात काही गैर नाही. पण एका राज्याचं लायसन्स दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. स्वतःच्या राज्यातल्या ड्रॉइंगवर सही करायला तुम्हाला पुन्हा इथेच यावं लागेल, आणि हे बोर्ड पुन्हा तुमची पदवी आणि अनुभव तपासू शकेल. तेच विस्कळीत वर्णन आणि तेच न जुळणारं नाव घेऊन तुम्ही दोन ठिकाणी अडकाल. तुमच्या बाबतीत मला हा मार्ग पटत नाही.

कन्सल्टंटचं उत्तर छोटं आहे. कागद लावून देणारे लोक असतात, पण तुमच्या अडचणीतला एकही कागद त्यांच्या हातात नाही. तुमचं वर्णन तुम्हीच लिहायचं आहे. त्या पैशांपेक्षा ऑफिसातल्या एखाद्या अलीकडेच लायसन्स मिळालेल्या माणसाकडून अर्धा तास मागा आणि तुमचं वर्णन त्याला वाचायला द्या. प्रत्येक ‘आम्ही’खाली रेघ मारायला सांगा.

नावाकडे येतो. इथल्या कर्मचाऱ्याच्या जागी बसून पाहा. आपल्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदललं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं आलं. त्याला आपली पद्धत कुठून माहीत असणार? त्याच्यापुढे चार शब्दांचं एक आणि तीन शब्दांचं दुसरं नाव आहे, आणि त्यांत सारखा आहे फक्त एक शब्द. त्याला दोन वेगळ्या बायका दिसतात. एक पानाचं पत्र लिहा: या कागदावर माझं नाव असं का आहे, यातला कोणता शब्द कोणाचा, बदल कधी झाला. सोबत विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडा, आणि बोर्डाने नोटरीचं प्रतिज्ञापत्र मागितलं तर तेही द्या. हेच पत्र मूल्यमापनाच्या फायलीतही जाऊ दे. परीक्षांची नोंदणी कोणत्या नावाने केली होती तेही तपासा, कारण निकाल त्याच नावावर बसलेला असतो.

अजून अर्ज न केलेल्या वाचकांसाठी दोन शब्द इथेच. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टला सगळ्यांत जास्त वेळ जातो, कारण ती तुम्ही पाठवलेली चालत नाही, विद्यापीठाकडूनच थेट जावी लागते. घरच्या कोणालातरी खेटे घालावे लागतात. म्हणून एफ.ई.चा अभ्यास सुरू करतानाच हे काम लावून द्या. एनसीईईएस रेकॉर्डही पहिल्या नोकरीपासून भरत जा. एखादी नोकरी सोडताना त्या काळाची पडताळणी त्याच आठवड्यात करून घ्या, साहेबांना सगळं आठवत असतं आणि निरोपाचा चहाही ताजा असतो. अनेक राज्यांत पी.ई. परीक्षा अनुभव पूर्ण होण्याआधी देता येते, पण परीक्षा लवकर झाली म्हणून पडताळण्या मागे ढकलू नका. काही राज्यांत बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्याची तारीखही आधी घ्या.

तुम्हाला आता दोन तारखा विचारून घ्यायच्या आहेत. पहिली बोर्डाकडून: अपूर्ण अर्ज किती दिवस उघडा ठेवतात? पुष्कळ ठिकाणी ठरावीक मुदतीनंतर तो बंद होतो आणि शुल्कासकट सगळं नव्याने करावं लागतं. तिथे मंजुरी बोर्डाच्या बैठकीत होते का, आणि पुढच्या बैठकीसाठी कागद कधीपर्यंत पोचायला हवेत, हेही त्याच फोनवर विचारा. तिन्ही मुद्द्यांचं उत्तर एकाच वेळी, त्यांच्याच क्रमाने पाठवा. तुकड्यातुकड्याने पाठवलेले कागद फाइलला लागायलाच वेळ जातो.

दुसरी तारीख ऑफिसातून. प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेसाठी लायसन्स हातात हवं, की अर्ज शेवटच्या टप्प्यात असणं पुरेल, हे तुम्ही कोणाला विचारलेलंच नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तुम्हीच ठरवून टाकलंय की हातात हवं. तुमच्या मॅनेजरना या आठवड्यात भेटा. बोर्डाचं पत्र आणि त्यावर तुम्ही काय करताय ते दाखवा, आणि विचारा.